पक्षाघात आणि शरीराचें वजन

'अंगावरून वारें गेलें' असें आपण ज्या विकारास म्हणतों, त्यांत वाऱ्याचा कांहीं संबंध नाहीं. मेंदूस रक्त पुरविणारी वाहिनी गुठळीनें बुजते किंवा फुटते आणि त्या भागाच्या स्वाधीन असलेले अवयव लुळे पडतात.

स्थूलपणामुळें रक्तदाब व मधुमेह बळावतात आणि त्यांपासून पक्षाघाताचें भय वाढतें, हें सर्वमान्य आहे. विकार जडल्यानंतरची गोष्ट मात्र निराळी दिसते. किंचित् स्थूल रुग्ण अगदीं रोड रुग्णांपेक्षां अधिक संख्येनें वांचतात, असें पुष्कळ वैद्यकीय पाहण्यांत आढळलें. मग चरबीस संजीवनी समजावें काय? असें अनुमान उतावीळपणाचें होईल. रोड मनुष्य पुष्कळदां आधींच वृद्ध, क्षीण किंवा दुसऱ्या रोगानें पोखरलेला असतो. त्याच्या मृत्यूचा सारा दोष रोडपणावर कसा घालावा?

शिवाय वजन मोजण्याची रीतही अपुरी आहे. किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गानें भागावें, हें गणित बेल्जमचा पंडित केतले यानें 19 व्या शतकांत मांडलें. 160 सेंटिमीटर उंचीच्या व 64 किलोग्रॅम वजनाच्या मनुष्याचा अंक 25 येतो. भारतीयांच्या बाबतींत 23 पासूनच वजन अधिक धरतात. परंतु चरबी किती व स्नायु किती, हें या भागाकारास कळत नाहीं. लुळ्या पायाचे स्नायु वापराअभावीं झिजतात, त्यांत चरबी शिरते, आणि कांटा पूर्वीचाच अंक दाखवितो! रुग्णास पुन्हां उभें राहावयाचें असतें तें तर स्नायूंच्याच बळावर.

अधिक भय उपासमारीचें आहे. पुष्कळांस प्रथम नीट गिळतां येत नाहीं. घरचीं माणसें मायेपोटीं तोंडांत पाणी घालतात, तें श्वासनलिकेंत उतरतें आणि फुप्फुसदाह होतो. म्हणून गिळण्याची परीक्षा झाल्यावांचून घोटभर पाणीही देऊं नये. गिळतां येत नसेल तर नळीनें अन्न देतात.

मात्र सर्वांसच सरसकट पौष्टिक खुराक देऊन भागत नाहीं. 2005 सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत 4023 रुग्ण होते. नेहमींच्या जेवणावर पूरक आहार मिळालेल्यांस इतरांहून विशेष लाभ झाल्याचें दिसलें नाहीं. त्यांतील बहुतेक मुळांत कृश नव्हतेच. ज्याचें वजन उतरत आहे, त्यास ओळखून काढणें हें खरें काम. त्यासाठीं रुग्णास नियमितपणें, उभें राहतां येत नसेल तर खुर्चीच्या कांट्यावर बसवून, तोलीत जावें.