वसतिगृहातील खोली : केरसुणी, फिनेल आणि ढेकूण

आपल्या खानापूर-बेळगाव भागातील कितीतरी मुले बारावीनंतर बेळगाव, धारवाड, कोल्हापूर येथे वसतिगृहात राहू लागतात. घरी केर काढणे हे आईचे नाहीतर बहिणीचे काम. मुलगा अठरा वर्षांचा होईपर्यंत केरसुणीला हात लावत नाही (हे वळण बरे नव्हे, पण तो विषय निराळा) आणि मग एके दिवशी दहा बाय बाराच्या खोलीत आणखी दोघांबरोबर राहावयास जातो. ट्रंक भरताना आपण लोणचे देतो, चकल्या देतो, घोंगडी देतो; केरसुणी मात्र कोणी देत नाही. म्हणून या वेळी पिकाऐवजी खोलीचा विचार करू.

सामान फारसे लागत नाही. एक केरसुणी, सुपली, बादली, जुन्या लुगड्याची फडकी, पाव किलो धुण्याचा सोडा आणि फिनेलची लहान बाटली एवढे पुरे. टेबल-खिडकीचे फडके वेगळे, जमिनीचे पोतेरे वेगळे आणि संडास-न्हाणीची घासणी त्याहून वेगळी ठेवावी. धुण्याचा सोडा कोमट पाण्यात विरघळवून त्यात तेलकट डबे आणि कंगवे भिजत घालावेत, तेल सुटते. सुगंधी फवाऱ्यांवर पैसे घालवू नयेत. त्यांनी वास झाकला जातो, घाण जागच्या जागी राहते.

फिनेल जास्त ओतले म्हणजे खोली जास्त स्वच्छ झाली, अशी एक समजूत आहे. ती चुकीची आहे. आधी केर काढावा, मग साध्या पाण्याने पुसावे आणि शेवटी बाटलीवर दिलेल्या प्रमाणात फिनेल पाण्यात घालून पोतेरे फिरवावे. मळावर ओतलेल्या औषधाचा जोर मळातच संपतो. आणि फिनेल शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत कधीही भरू नये. रात्री तहान लागलेला सोबती दिवा न लावताच बाटली तोंडाला लावतो. असे घडलेच तर ओकारी काढावयास लावू नये. बाटलीसह थेट दवाखान्यात न्यावे.

ब्लीचिंग पावडर हे जुने व गुणी औषध आहे. 1847 साली व्हिएन्नातील प्रसूतिगृहात डॉ. सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्यास लावले, आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने कमी झाले. संडासासाठी एक लिटर पाण्यात 30 ग्रॅम पावडर पुरते. डबा घट्ट बंद ठेवावा, कारण हवा, ऊन व ओल लागली की तिचा जोर जातो. परंतु संडासाच्या भांड्यासाठी मिळणारे ॲसिड आणि ही पावडर कधीही एकत्र करू नयेत. दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू निघतो. तो हवेपेक्षा जड असतो, बंद न्हाणीघरात खाली साचतो आणि फुप्फुसे जाळतो. एका दिवशी एकच वापरावे, दार-खिडकी उघडी ठेवून.

आता ढेकणांविषयी, कारण खरा धोका इथे आहे. ढेकणांनी झोप उडाली की शेतकऱ्याच्या मुलाला घरच्या कोठारातील औषध आठवते. सुट्टीवरून परतताना तो पिकावर फवारायचे औषध, नाहीतर धान्यात ठेवायच्या गोळ्या खिशात घालून आणतो. या गोळ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतात. हवेतील ओल लागताच त्यांतून फॉस्फीन हा विषारी वायू सुटतो. तो भिंतीच्या फटीतून शेजारच्या खोलीतही शिरतो. त्यावर उतारा नाही. या गोळ्या माणसे झोपतात त्या खोलीत अशा वापरल्याने आपल्या देशात जीव गेले आहेत. कुजक्या मासळीसारखा किंवा लसणासारखा वास आला, छातीत दडपू लागले, मळमळू लागले तर सर्वांना उघड्यावर काढून लगेच इस्पितळ गाठावे. पालकहो, या गोळ्या व फवारणीची औषधे घरी कुलपात ठेवा आणि मुलांना हे स्पष्ट सांगा.

ढेकणांना उष्णता सोसत नाही. लोखंडी कॉट अंगणात काढून तिच्या सांध्यांत उकळते पाणी ओतावे. चादरी, उशांचे अभ्रे कढत पाण्यात धुवावेत. भिंतीच्या व लाकडाच्या फटी बुजवाव्यात. एकदा करून भागत नाही. अंडी साधारण आठ-दहा दिवसांत फुटतात, म्हणून दोन आठवड्यांनी पुन्हा करावे, आणि शेजारच्या खोल्यांतही त्याच दिवशी. एकाच खोलीने केले तर ढेकूण भिंत ओलांडून परत येतात. प्रौढ ढेकूण उपाशीपोटी कित्येक महिने काढतो, तेव्हा सुट्टीत खोली रिकामी ठेवल्याने तो मरेल ही आशा व्यर्थ आहे.

बाकी थोडक्यात. ओला पंचा दाराआड कोंबू नये व कोणाचा वापरू नये. नायटा असाच पसरतो. बादल्या व कूलरमधील पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण ओतून, आतून घासून कोरडे करावे. डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्यातही वाढतो.

मुलगा नाताळला किंवा दिवाळीला घरी आला की त्याची ट्रंक व वळकटी थेट माजघरात नेऊ नका. अंगणातच उघडा, कपडे कढत पाण्यात टाका आणि ट्रंकेच्या बिजागऱ्या व कोपरे नीट पाहून मगच आत घ्या.