तारीख आधी बघा

प्रश्न : अमेरिकेतल्या यादवी युद्धावरच्या पुस्तकांत पानोपानी साध्या शिपायांची पत्रं आणि रोजनिशा भेटतात. तेव्हाचे शिपाई खरंच एवढं लिहीत होते का? आणि त्यावर विसंबावं किती?
– एक वाचक, सातारा

उत्तर : लिहीत होते, आणि भरपूर लिहीत होते. १८६१ ते १८६५ या काळात लढलेल्या गोऱ्या सैनिकांपैकी बहुतेकांना लिहिता-वाचता येत होतं. छावणीत तिकिटं मिळायची मारामार, म्हणून उत्तरेच्या सरकारने शिपायांना बिनतिकिटाचं पत्र टाकायची मुभा दिली; टपालहशील घरच्यांनी भरायचं. शिवाय पत्रं उघडून तपासायची पद्धतशीर सोय तेव्हा नव्हती. त्यामुळे हगवण, आडमुठे अधिकारी, थकलेला पगार, सगळं बिनधास्त कागदावर उतरे. दुसऱ्या महायुद्धात सेन्सॉर आला आणि आघाडीवर रोजनिशी ठेवायला बंदी झाली. यूजीन स्लेज या मरीन सैनिकाने पेलेलियू आणि ओकिनावातल्या नोंदी खिशातल्या ‘नव्या करारा’त टिपून ठेवल्या, त्यांचं पुस्तक व्हायला १९८१ उजाडलं.

विसंबायचं किती, हे ठरवताना मी आधी लिखाणाची तारीख बघतो. मेरी चेस्नटचंच घ्या. साउथ कॅरोलिनातल्या बड्या जमीनदार घराण्यातली ही बाई. नवरा माजी सिनेटर, दक्षिणेचे अध्यक्ष जेफर्सन डेव्हिस यांच्या वर्तुळातला. एप्रिल १८६१ मध्ये फोर्ट सम्टरवर तोफा डागल्या गेल्या आणि युद्धाला तोंड फुटलं, तेव्हा ती चार्ल्सटनमधल्या एका घराच्या गच्चीवरून बघत होती. तिची डायरी १९०५ मध्ये, म्हणजे तिच्या मृत्यूनंतर एकोणीस वर्षांनी, छापली गेली आणि दक्षिणेचा आतला आवाज म्हणून गाजली. पण जी छापली ती युद्धात लिहिलेली डायरी नव्हतीच! मूळ वह्या हाताशी घेऊन बाईंनी १८८०च्या दशकात सगळं नव्याने लिहून काढलं होतं. संवाद रंगवले, प्रसंग फुलवले, मांडणी मात्र रोजनिशीचीच ठेवली. इतिहासकार सी. व्हॅन वुडवर्ड यांनी हे सगळं उलगडून १९८१ मध्ये नवी आवृत्ती काढली. तिला पुलित्झर मिळालं. काही समीक्षकांनी ही चक्क फसवणूक ठरवली. मला तसं वाटत नाही. पराभव पचवलेली बाई मागे वळून काय बघते, हे कळायला ते पुस्तक उत्तमच आहे. १८६१ मध्ये तिच्या मनात काय चाललं होतं, यासाठी मात्र मूळ वह्या वाचाव्यात. त्याही १९८४ मध्ये छापल्या गेल्या.

उलट उत्तरेचे सेनापती जनरल ग्रँट यांच्या आठवणी तर उघडउघड पैशांसाठी लिहिलेल्या. भागीदाराने बुडवलं, घशाचा कॅन्सर झाला, बायकोची सोय लावायची होती. १८८५ मध्ये मरणाच्या काही दिवस आधी त्यांनी हस्तलिखित हातावेगळं केलं आणि मार्क ट्वेनच्या प्रकाशनसंस्थेने ते छापलं. तरीही गद्य कसं, तर लष्करी हुकमासारखं स्वच्छ.

दुसरं बघायचं ते, कोणाचं लिखाण उरलं आणि कोणाचं नाही. दक्षिणेतल्या अनेक राज्यांत गुलामांना अक्षरओळख करून देणं हाच गुन्हा होता. त्यांची पत्रं येणार कुठून? म्हणून जेम्स हेन्री गुडिंगचं मोल मोठं. हा आधी देवमाशांची शिकार करणाऱ्या जहाजांवर होता, मग मॅसॅच्युसेट्सच्या ५४व्या पलटणीत, म्हणजे काळ्या सैनिकांच्या पलटणीत, कॉर्पोरल झाला. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर. काळ्याला १०, त्यातून कपड्यांचे ३ कापून हातावर ७. सप्टेंबर १८६३ मध्ये त्याने थेट लिंकनना पत्र लिहून विचारलं, की आम्ही सैनिक आहोत की मजूर? जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ ज्या अमेरिकनांना अर्पण केली, त्यांच्याच सरकारचा हा हिशेब होता. समान पगाराचा कायदा जून १८६४ मध्ये झाला. जुलैमध्ये गुडिंग दक्षिणेच्या अँडरसनव्हिल इथल्या कैदी छावणीत वारला.

त्याची बरीच पत्रं तेव्हाच न्यू बेडफर्डच्या वर्तमानपत्रात छापली गेली, म्हणून टिकली. आता ती पुस्तकरूपात मिळतात. वाचायला सुरुवात करणार असाल, तर चेस्नटबाईंच्या आधी गुडिंग घ्या.