बिल्ड टूलची निवड : एक परीक्षण

संकेतस्थळ रचावयास शिकणाऱ्या विद्यार्थ्यापुढे लवकरच एक प्रश्न उभा राहतो : बिल्ड टूल कोणते घ्यावे? वेबपॅक, रोलअप, पार्सल, व्हीट अशी नावे कानी येतात आणि ज्याचा बोलबाला अधिक, ते स्वीकारले जाते. ही रीत आम्हांस योग्य वाटत नाही.

प्रथम या साधनाचे कार्य पाहू. प्रोग्रामर आपला कोड अनेक लहान मॉड्यूलांत विभागतो. कधी टाइपस्क्रिप्टमध्ये लिहितो, जी ब्राउझरला थेट कळत नाही. जावास्क्रिप्टच्या प्रमाणित व्याख्येत मॉड्यूलांना स्थान मिळाले ते २०१५ साली; तोवर विखुरलेल्या फाइली जोडण्याची सोय त्या भाषेतच नव्हती. बिल्ड टूल फाइलींचे परस्परावलंबन शोधते, त्यांची जुळणी करते, ब्राउझरला कळेल असे रूपांतर करते आणि अनावश्यक भाग गाळून आकार घटविते.

वेबपॅक सर्वसाधारणपणे आधी जुळणी करून मग पान दाखविते. प्रकल्प वाढला की प्रतीक्षाही वाढते. इव्हान यू यांनी २०२० साली आणलेले व्हीट विकासाच्या वेळी ब्राउझर मागेल तेवढेच मॉड्यूल पुरविते. जुन्या, मंद संगणकावर काम करणाऱ्यास हा भेद मोलाचा आहे.

केसपुत्ताच्या कालामांना तथागतांनी सांगितले की, केवळ ऐकीव आहे किंवा परंपरेने आले आहे म्हणून काही स्वीकारू नये. तो उपदेश आचरणासंबंधी असला, तरी त्यातील परीक्षणवृत्ती येथेही मार्ग दाखविते. म्हणून निवडीपूर्वी तीन प्रश्न विचारावेत.

पहिला : साधनाची गरज आहे काय? चार-पाच पानांच्या साध्या संकेतस्थळास बहुधा नसते.

दुसरा : प्रकल्प नवा की जुना? नव्यासाठी व्हीट सोयीचे. परंतु वेबपॅकवर नीट चालणारा जुना प्रकल्प केवळ नावीन्यासाठी मोडू नये.

तिसरा : आपल्याच संगणकावर किती वेळ लागतो? तो स्वतः मोजावा.

याहून महत्त्वाची गोष्ट अनित्यतेची. २०१६ साली फेसबुकने आणलेले ‘क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅप’ असंख्य नवशिक्यांचा प्रारंभबिंदू होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये नव्या प्रकल्पांसाठी ते वापरू नये, असे रिअ‍ॅक्टच्या चमूनेच जाहीर केले. ज्यांना केवळ त्या साधनाच्या आज्ञा पाठ होत्या, त्यांना नव्याने आरंभ करावा लागला. ज्यांना मॉड्यूल आणि परस्परावलंबन उमगले होते, त्यांचे ज्ञान कायम राहिले.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी अनेक जण आपल्या घरातील शिक्षणाची पहिली पिढी आहेत. नोकरीच्या दारी पोहोचाल, तेव्हा आजचे साधन कदाचित तेथे नसेल. म्हणून कोड प्रमाणित मॉड्यूलांत लिहावा आणि विशिष्ट साधनाच्या खास सोयींवर कमीत कमी विसंबावे. तराफा नदी ओलांडण्यासाठी असतो, पैलतीरी डोक्यावर वाहण्यासाठी नव्हे, हा तथागतांचा दृष्टान्त साधनालाही लागू पडतो. साधन बदलले तरी चालेल. समज मात्र पक्की असावी.