शिंपल्यांची भट्टी

दहावीला धातुविज्ञान शिकवता शिकवता उमगलेल्या काही गोष्टी.

१. उपमा जपून वापरावी. धातुक ‘भाजणे’ म्हणजे मालवणी मसाला भाजण्यासारखेच, असे मी कित्येक वर्षे सांगत आलो. पोरे खूश व्हायची आणि पेपरात चुकायची. मसाल्याला फक्त आच हवी असते, जस्ताच्या सल्फाइडला भरपूर हवाही लागते. त्यातला गंधक ऑक्सिजन घेऊन वायू होतो आणि उडून जातो, मागे जस्ताचे ऑक्साइड राहते. आगपेटीची काडी ओढल्यावर नाकाला झोंबतो तोच वायू. आता मी वर्गात काडीच ओढतो.

२. निस्तापन, म्हणजे कार्बोनेट तापवून त्याचे ऑक्साइड करणे, मला एका पोरानेच शिकवले. स्पिरिटच्या दिव्यावर तासभर शिंपले तापवले आणि तोलून पाहिले, तर वजन होते तेवढेच! वर्गात खसखस पिकली. मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, आमचो आजो शिंपल्यांची भट्टी लावी.” शिंपले आणि कोळसा यांचे थरावर थर, वर रात्रभर धग. शिंपल्यातले कॅल्शियम कार्बोनेट फुटायला ९०० अंशांच्या आसपास तापमान लागते, माझ्या दिव्याची काय कथा! शुद्ध कार्बोनेट १०० किलो घेतले तर चुना ५६ किलोच मिळतो, उरलेले ४४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातात. आजोबांना आकडा ठाऊक नव्हता, पारख होती. पाणी शिंपडले की नीट भाजलेला शिंपला फुसफुसून फुटतो, कच्चा तसाच पडून राहतो.

३. रेडीच्या खाणीकडचा पिवळसर दगड कुटून जुन्या तव्यावर तापवावा. पूड लाल होते. दगडातल्या पिवळ्या गोएथाइटमध्ये वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढे पाणी बांधलेले असते. ते गेले की हेमटाइट, म्हणजे लोखंडाचे ऑक्साइड, उरते. लोखंड मात्र अजून दूरच. हेमटाइटमधला ऑक्सिजन सोडवायला कार्बन लागतो, म्हणून झोतभट्टीत कोक घालतात. सोबत चुनखडीही घालतात. तिचा चुना होतो तो भट्टीच्या पोटातच, आणि तो दगडातली वाळू धरून मळी बनवतो. म्हणजे आजोबांची भट्टी झोतभट्टीच्या आत!

४. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या पायात शिसे ओतल्याचे सांगतात. सहलीत दरवर्षी कुणीतरी विचारतेच, लोखंड का नाही ओतले? शिसे ३२७ अंशांना वितळते, लाकडाच्या जाळावरही. लोखंडाला १५३८ लागतात. एवढे सांगून मी पोरांना तटाच्या दगडांमधला चुना दाखवतो. भट्टीवाल्या आजोबांचा नातू असला, तर तो बोट लावून पाहतो.