खेळायचे कोणाशी?

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयाचा मुलींचा हॉकी संघ विभागीय स्पर्धेला गेला होता. पहिल्या सामन्यात समोरच्या संघाला अकरा मुली जमवता आल्या नाहीत, म्हणून आम्हांला 'पुढे चाल' मिळाली. दुसरा सामना हाच अंतिम सामना होता. तो आम्ही हरलो. चार महिने पहाटे उठून केलेला सराव एका सामन्यात संपला आणि संध्याकाळच्या एस. टी.ने आम्ही परत निघालो.

गाडीत एकच विषय होता. आमची कप्तान म्हणाली, "अगं, नगरला वेगळं विद्यापीठच व्हायला हवं. मग निवडीला पुण्या-नाशिकच्या मुली नसतील. आपल्यातल्याच निम्म्याजणी विद्यापीठाच्या संघात जातील." सगळ्यांना ते पटले. मलाही पटले. विद्यापीठाच्या संघात निवड झाल्याचे प्रमाणपत्र किती मोलाचे, हे ज्यांच्या घरातून महाविद्यालयाची पायरी प्रथमच कुणी चढले आहे त्यांना सांगावे लागत नाही. माझे आण्णा चौथी शिकलेले आहेत. हॉकीचे नियम त्यांना ठाऊक नाहीत; पण शिक्का मारलेला कागद त्यांना समजतो.

परंतु पुढे या प्रश्नाचा थोडा अभ्यास केला तेव्हा तो वाटला तितका सोपा नाही असे दिसून आले. तोच अभ्यास येथे मांडीत आहे.

प्रथम आपली रचना पाहू. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात पुणे शहर, पुणे जिल्हा, नाशिक आणि आपला नगर असे क्रीडा विभाग आहेत. महाविद्यालये आधी आपापल्या विभागात खेळतात. त्यांतून साधारणपणे विभागाचा संघ निवडला जातो व तो आंतरविभागीय स्पर्धेत उतरतो. तेथून विद्यापीठाचा संघ तयार होतो. हा संघ पश्चिम विभागातील इतर विद्यापीठांशी खेळतो आणि तेथे वरचे स्थान मिळाले तर अखिल भारतीय स्पर्धेत जातो. अशी ही चार पायऱ्यांची शिडी आहे. आपले विद्यापीठ कोणते, यावर पहिल्या दोन पायऱ्यांवर आपल्यासमोर कोण उभे राहणार हे ठरते.

ही शिडी पूर्वी फार रुंद होती. 1949 मध्ये पुणे विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा कोल्हापूरपासून जळगावपर्यंतचा मुलूख त्यात होता. 1962 मध्ये शिवाजी विद्यापीठ झाले आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर तिकडे गेले. 1990 मध्ये उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झाले आणि जळगाव व धुळे हे जिल्हे बाहेर पडले. 2004 मध्ये सोलापूरचे वेगळे विद्यापीठ झाले, तेही एकाच जिल्ह्याचे. ही विभागणी खेळासाठी झाली नव्हती. विद्यार्थ्यांना विद्यापीठ जवळ असावे, कारभार आटोपशीर व्हावा, हा तिच्यामागचा विचार होता. पण तिच्याबरोबर खेळाडूंचे गटही बदलले.

अशा बदलात लाभ उघड आहे. नवे विद्यापीठ म्हणजे नवा संघ, नव्या जागा, कमी प्रवास. कबड्डी किंवा खो-खोचे तर काहीच बिघडत नाही, कारण हे खेळ गावोगाव खेळले जातात. हॉकीचे तसे नाही. स्टिका लागतात, गोलरक्षकाचे साहित्य लागते, सपाट मैदान लागते. 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून मोठी हॉकी कृत्रिम टर्फवर गेली. आम्ही अजून मुरमाच्या मैदानावर चेंडूच्या उड्या चुकवीत खेळतो. त्यामुळे हॉकीचे संघ मुळातच थोडे. गट लहान केला की ते आणखी थोडे होणार. विद्यापीठाच्या संघात जागा मिळेल, पण तो संघ पश्चिम विभागात उतरण्यापूर्वी खरे सामने किती खेळलेला असेल?

या बाबतीत अमेरिकेतील एक उदाहरण बोलके आहे. तेथील महाविद्यालयांत बर्फावरची हॉकी खेळतात. तेथे शिक्षणसंस्था आपसांत ठरवून गट बांधतात, त्याला 'कॉन्फरन्स' म्हणतात, आणि सोयीप्रमाणे गट बदलतातही. वेस्टर्न कॉलेजिएट हॉकी असोसिएशन या जुन्या गटात पुरुषांचे दहा संघ होते. 2019 मध्ये त्यांपैकी सात संघांनी बाहेर पडण्याचे जाहीर केले आणि 2021 पासून आपला वेगळा गट सुरू केला. हे सातही मिनेसोटा, मिशिगन व ओहायो या उत्तरेकडील राज्यांतले होते. मागे राहिले तीन: दोन दूरच्या अलास्कातले व एक दक्षिणेकडील अलाबामातला. अलाबामाच्या हंट्सव्हिल येथील संघाने दुसरा गट शोधला. तो मिळाला नाही आणि 2021 च्या मे महिन्यात तो संघ स्थगित झाला. अलास्कातील अँकरेजचा संघ खर्च परवडत नाही म्हणून बंद करण्याचा निर्णय 2020 मध्येच झाला होता. चाहत्यांनी सुमारे 30 लाख डॉलर जमविले, तेव्हा तो 2022 मध्ये पुन्हा मैदानात आला. पण कोणत्याही गटाविना.

बाहेर पडणाऱ्या सातांचे चुकले असे मला म्हणावयाचे नाही. प्रवासाचा खर्च आम्हांलाही कळतो. पण या उदाहरणावरून एक गोष्ट ध्यानात येते. संघ केवळ खेळाडूंवर जगत नाही, तो प्रतिस्पर्ध्यांवर जगतो. हंट्सव्हिलला खेळाडू होते, मैदान होते. ज्यांच्याशी खेळायचे ते उरले नाहीत.

म्हणून गट बदलण्याचा प्रश्न येईल तेव्हा 'आपल्याला जागा किती मिळतील' याआधी 'वर्षात खरे सामने किती मिळतील' हे विचारावे, असे मला वाटते. आणि ते वाढविण्यासाठी नव्या विद्यापीठाची वाट पाहण्याचे कारण नाही. विभागात संघ थोडे असतील तर बाद पद्धतीऐवजी साखळी सामने घेता येतील. तीन संघ असले तरी प्रत्येकाला दोन सामने मिळतील. नाशिकच्या किंवा पुण्याच्या एखाद्या महाविद्यालयाशी वर्षातून एकदा मैत्रीपूर्ण सामना ठरविता येईल. पुणे तर येथून अवघे 120 किलोमीटर आहे.

मी हे कप्तानला सांगितले तेव्हा ती आधी चिडली. "जागा सोडून द्यायच्या आणि सामने मोजायचे?" असे तिने विचारले. जागेचे मोल मला कमी वाटत नाही. आण्णांना दाखवायला तो कागद मलाही हवा आहे. पण पुढे चाल मिळवून हाती आलेल्या कागदावर मी त्यांना काय सांगणार, की आम्ही कुणाला हरवले?

शेवटी आमचे एका गोष्टीवर एकमत झाले. त्या दिवशी समोरच्या संघाच्या आठच मुली आल्या होत्या. पंचांनी निर्णय दिल्यावरही त्या बराच वेळ स्टिका घेऊन मैदानाच्या कडेला उभ्या होत्या. आम्ही सरांची परवानगी घेतली आहे. येत्या सुट्टीत जिमखान्यातील जादा स्टिका घेऊन आम्ही त्यांच्या गावी जाणार आहोत. त्यांना तीन मुली कमी पडल्या, तर त्या आम्ही आमच्यातल्या देऊ. पण सामना खेळू.

(द्वितीय वर्ष, कला)