मोटारीच्या नावाचे क्रेडिट कार्ड : हिशोब करूनच सही करा



मागील महिन्यात एक पालक शाळेत आले. रिंग रोडवरील कापड मार्केटमध्ये ते नोकरी करतात. गाडी घेताना शोरूममध्ये त्यांना मोटार कंपनीच्या नावाच्या क्रेडिट कार्डाचा अर्ज मिळाला होता. "सर, खर्च करा आणि पॉइंट मिळवा म्हणतात. घेऊ का?" मी म्हटले, "तुमची मुलगी नववीत आहे. तिलाच हिशोब करू द्या." तिला बोलावले व फळ्यावर गणित मांडले.

प्रथम हे समजून घ्या की अशा कार्डावर नाव मोटार कंपनीचे असले तरी पैसे बँकेचे असतात. आपल्या देशात आयसीआयसीआय बँकेने फेरारीच्या नावाची कार्डे काढली होती. कार्ड घेणाऱ्याच्या दारात फेरारी येत नाही. देणे मात्र बँकेचे होते.

ही कल्पना जुनी आहे. १९९२ साली अमेरिकेत जनरल मोटर्सने असे कार्ड काढले. खर्चाच्या ५ टक्के रक्कम ग्राहकाच्या नावे जमा होई. पण वर्षाला ५०० डॉलरपर्यंतच, आणि तीही त्याच कंपनीची नवी गाडी घेतानाच उपयोगी पडे. फोर्डने १९९३ मध्ये सिटीबँकेबरोबर तसेच कार्ड आणले आणि १९९७ मध्ये सवलत बंद केली. म्हणजे तीन गोष्टी पाहाव्यात: मर्यादा किती, पॉइंट कुठे चालतात आणि नियम बदलले तर काय?

आता फळ्यावरील उदाहरण. समजा, १०० रुपयांना १ पॉइंट आणि १ पॉइंट म्हणजे २५ पैसे. वर्षाचा खर्च १,२०,००० रुपये, तर पॉइंट १,२००, म्हणजे ३०० रुपये. त्यातील १०,००० रुपये कंपनीच्या वर्कशॉपमध्ये खर्च झाले व तेथे १०० रुपयांना ४ पॉइंट जादा मिळाले, तर आणखी १०० रुपये. एकूण ४०० रुपये. वार्षिक फी ५०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५९०. मुलीने वजाबाकी केली : तोटा १९० रुपये!

खरा धोका तर पुढे आहे. २०,००० रुपयांच्या बिलापैकी फक्त १,००० भरले व १९,००० राहिले. व्याज महिना साडेतीन टक्के धरले, तर ६६५ रुपये. जीएसटीसह सुमारे ७८५. शिवाय पूर्ण बिल न भरल्यास नव्या खरेदीवरही बिनव्याजी मुदत मिळत नाही. वर्षभराचे पॉइंट एका महिन्यात गेले. यालाच म्हणतात चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

फळ्याकडे पाहून ते पालक हळूच म्हणाले, "मंदीत पगार दोन-दोन महिने लांबतो, सर." हेच उत्तर होते. त्यांनी अर्ज भरला नाही.

कार्ड वाईटच असते, असे मुळीच नाही. ज्यांचे उत्पन्न नियमित आहे, जे दर महिन्याला पूर्ण बिल भरतात आणि ज्यांचे पॉइंट फीपेक्षा जास्त होतात, त्यांना लाभ होतो. पण पॉइंटसाठी नको ती खरेदी करू नये.

आपले हक्कही माहीत असावेत. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार संमतीशिवाय कार्ड देता येत नाही. थकबाकी नसेल तर विनंतीनंतर कामाच्या सात दिवसांत कार्ड बंद करावे लागते. उशीर झाल्यास बँकेने ग्राहकाला दररोज ५०० रुपये द्यायचे असतात.

स्वाध्याय : ४०,००० रुपये थकले. व्याज महिना साडेतीन टक्के, व्याजावर १८ टक्के जीएसटी. एका महिन्याचा भुर्दंड किती? तेवढी रक्कम वरील साध्या पॉइंटांतून (१०० रुपयांना २५ पैसे) परत मिळवण्यासाठी किती रुपयांची खरेदी करावी लागेल? घरी आई-वडिलांजवळ बसून सोडवा. उत्तर पुढील अंकात.

– मुख्याध्यापक