माळावर लग्न धरणाऱ्यांनो, आधी पाण्याचं बोला

पुण्याच्या मंडळींना बारामती म्हटलं की ऊस, कालवा आणि गुळगुळीत रस्ते एवढंच दिसतं. ते खोटं नाही, पण ती नीरा डाव्या कालव्याची बाजू झाली. सुप्याकडे या, शिर्सुफळच्या अंगाला जा, म्हणजे जिरायती बारामती कळेल. मुरमाड माळ, कुसळी गवत, बोरी-बाभळी, आणि पाऊस वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही मनात आलं तर. महाबळेश्वरला याच्या दहापट पडतो, आणि महाबळेश्वर इथून काही परदेशात नाही. ते सह्याद्रीच्या माथ्यावर आहे आणि आम्ही त्याच्या पाठीमागे, एवढंच. इंदापूरचीही निम्मी कथा हीच. खडकवासल्याचा कालवा तिथवर पोचेपर्यंत शेवटाला आलेला असतो, आणि टेलच्या माणसाला आवर्तनाची वाट बघायची सवयच लागते.

तर हा माळ आमच्या विहीणबाईंना फार आवडला.

२०२३च्या जुलैत मुलीच्या लग्नाचं ठरवायला पाहुणे आले होते. दोन सरी पडून गेल्या होत्या, गवताला पोपटी रंग चढला होता, संध्याकाळचं ऊन तिरपं येत होतं. विहीणबाईंनी मोबाइलवर फोटो काढले आणि तिथंच ठरवून टाकलं की कार्यालय नको, लग्न इथंच. त्याआधी त्यांच्या मनात भिगवणजवळचं उजनीचं पाणी होतं, मागे फ्लेमिंगो उभे असलेलं. ते मीच मोडून काढलं. पक्षी थंडी चांगली मुरल्यावर येतात, लग्नपत्रिका बघून येत नाहीत. शिवाय त्या वर्षी उजनी साठ टक्क्यांच्या आसपासच भरली. काठावर मांडव घातला असता, तर पाण्याच्या जागी गाळ दिसला असता.

माळाला मी नाही म्हटलं नव्हतं. माझं म्हणणं एवढंच होतं की माळावर करायचं तर माळाच्या रीतीनं करू. लग्न दुपारी, मांडव पत्र्याचा, जेवायला पंगत आणि पाण्याचे दोन मोठे टँकर. हे सगळं मी आमच्या यजमानांसमोर, मुलीसमोर, जावईबापूंसमोर बोलले होते. मुलीच्या सासरच्यांनी पुण्याचा एक इव्हेंटवाला गाठला होता. त्यानं ऐकून घेतलं, लॅपटॉप मिटला आणि म्हणाला, “काकू, तुम्ही फक्त साडी नेसून बसायचं. बाकी आमच्यावर सोडा.”

ते वाक्य अजून कानात आहे.

मुहूर्त निघाला २८ नोव्हेंबरचा. त्या वर्षी तुळशीची लग्नं २४ला सुरू होऊन २७च्या पौर्णिमेला आटोपत होती. त्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन तिथींवर सगळा तालुका तुटून पडतो. आचारी, फेटेवाले, वाजंत्री, जनरेटर, कुणीच मोकळं नसतं. १ नोव्हेंबरपासून कारखान्यांचा गळीत हंगामही सुरू झालेला, म्हणजे ट्रॅक्टर-ट्रॉल्या उसात. चार महिने आधी सांगितलंत तर आमच्याकडे माणूस मिळतो, नाहीतर तुळशीच्या लग्नानंतर मिळतो तो उरलेला. ऑक्टोबरच्या शेवटी मराठा आरक्षणाचं आंदोलन पेटलं आणि मराठवाड्याकडच्या एसट्या बंद पडल्या, तेव्हा बीडच्या नणंदेला पत्रिका व्हॉट्सॲपवर पाठवावी लागली. तिनं त्याचा राग धरलाय. तो वेगळा विषय.

३१ ऑक्टोबरला सरकारनं चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यात बारामती होतं, इंदापूरही होतं. ती बातमी मी इव्हेंटवाल्याला पाठवली आणि खाली लिहिलं, ‘पाण्याचं बघा.’ त्यानं अंगठा पाठवला.

आता पाण्याचा हिशेब सांगते, कारण तो कुठल्याही लग्नाच्या यादीत नसतो. प्यायला, स्वयंपाकाला, भांड्यांना, हात धुवायला आणि संडासाला धरून माणशी पंधरा लिटर पकडा. सातशे माणसं म्हणजे साडेदहा हजार लिटर. मोठा टँकर दहा-बारा हजारांचा असतो, म्हणजे तो लग्नाच्या दिवशीच संपतो. आदल्या दिवशीची हळद, मुक्कामी वऱ्हाडाच्या आंघोळी आणि आचाऱ्याची भांडी यांसाठी दुसरा लागतोच. वीस लिटरचे जार फक्त प्यायला. जारनं संडास धुता येत नाही, हे त्या इव्हेंटवाल्याला मी कितीदा सांगायचं? आणि टँकर ठरवला म्हणजे पाणी आलं, असंही नाही. तो भरायचा विहिरीवर नाहीतर शेततळ्यावर, तिथली मोटर चालणार थ्री फेज लाइटवर, आणि शेतीची लाइट काही दिवस दिवसा असते, काही दिवस रात्री. टँकरवाल्याच्या आधी गावातल्या वायरमनला विचारा की त्या आठवड्यात पाळी कुठली. हे तुम्हाला कुठलाही इव्हेंटवाला सांगणार नाही.

लग्नाच्या आधी दोन दिवस आभाळ भरून आलं. २६ तारखेला पारनेरकडे, जुन्नर-आंबेगावात गारपीट झाली. द्राक्षं गेली, कांदा गेला. आमच्याकडे नुसते ढग आणि वारा. पण वारा माळावरचा. इव्हेंटवाल्यानं पांढरे तलम पडदे बांबूंना बांधले होते, वर छत नव्हतंच. ‘ओपन स्काय’ म्हणे. माळावर चार बोटं मुरूम लागला की खाली कातळ असतो. खुंटी ठोकायला पहार लागते, कधी ड्रिल. त्याच्या पोरांनी बांबू वाळूच्या पोत्यांत उभे केले होते. हळदीच्या संध्याकाळी एकच झोत आला आणि पडदे बोरीच्या काट्यांत जाऊन बसले. ते सोडवून आणले तेव्हा त्यांची चाळण झाली होती. आमच्या दिरांनी रात्रीत गावातला मांडववाला उठवला आणि तोंडाला येईल तो भाव देऊन पत्रा घातला. सकाळी विहीणबाई म्हणाल्या, “पत्र्यानं लुक जातो हो.”

आणि मग २८ची दुपार.

मी आत रुखवत मांडत होते. टँकरचा ड्रायव्हर गावातलाच पोरगा. तो दाराशी येऊन म्हणाला, “काकी, हे पाणी कुठं सोडायलेत, जरा बघा.” बाहेर आले. टँकरच्या कॉकला जाडा पाइप लावला होता, पाण्यानं फुगून तो जमिनीवर वळवळत होता, आणि दोन पोरं नवरीच्या वाटेवर पाणी मारत होती, धुळीनं लेहेंगा खराब होऊ नये म्हणून. मुरूम पाणी पीत होता आणि वाऱ्यानं लगेच सुकत होता. मागची दहा पावलं वाळली की पोरं पुन्हा मागं येत. पलीकडे निळा प्लास्टिकचा कागद टाकून एक हौद केला होता. त्यात पाणी भरून मेणबत्त्या सोडायच्या होत्या. आणि रस्त्याच्या कडेला वस्तीवरच्या दोघी-तिघी आपापल्या टाक्या घेऊन उभ्या होत्या. त्यांना वाटलं, गावचा टँकर आला. त्यातल्या एकीनं मला विचारलं, “वैनी, आमाला मिळंल का थोडं?”

मी जाऊन कॉक बंद केला. इव्हेंटवाला धावत आला. “काकू, एन्ट्रीचा शॉट आहे.” मी म्हटलं, “शॉट तुझ्या पुण्यात घे.” आधी त्या बायकांच्या टाक्या भरल्या, मग उरलेलं पाणी आचाऱ्याकडे वळवलं. दुसरा टँकर कुठंय म्हणून विचारलं, तर त्यानं तो ठरवलाच नव्हता. बजेटमध्ये ‘ऑप्टिमाइझ’ केला होता. कापला म्हणायची लाज वाटली असावी.

संध्याकाळी व्हायचं तेच झालं. साडेसातला संडासाच्या गाडीतलं पाणी संपलं. नवऱ्या मुलाच्या आत्याबाई माझ्याजवळ आल्या आणि चारचौघांत म्हणाल्या, “तुमच्याकडे पाण्याची काही सोयच नसते का हो?” विहीणबाई शेजारीच उभ्या होत्या. हौदातल्या मेणबत्त्या त्यांना दिसत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. शेवटी आमच्या चुलत दिरांनी एका डाळिंबवाल्याच्या शेततळ्यावरून ट्रॅक्टरचा टँकर भरून आणला. त्या माणसानं बागेसाठी राखलेलं पाणी दिलं आणि पैसे घेतले नाहीत. त्याला आहेर केला, पण तो मी आठवणीनं पाठवला. ज्यांच्यामुळे पाठवावा लागला, ते तोवर फोटो काढत होते.

मुहूर्ताचंही सांगते. त्यांना गोरज हवा होता, सूर्यास्ताच्या सोनेरी उजेडात. मंगलाष्टकं लागली साडेसहानंतर. नोव्हेंबरच्या अखेरीला आमच्याकडे सूर्य सहाच्या आतच बुडतो आणि माळावर संधिप्रकाश रेंगाळत नाही. साडेसहाला अंधार होता. मग मोठे एलईडी लावले, त्यांच्यावर माळावरची सगळी पाखरं आली. अक्षतांत पाखरं, बासुंदीत पाखरं. पंचांगात सूर्यास्ताची वेळ छापलेली असते, ती वाचायला पुण्याहून माणूस बोलवावा लागत नाही. उजेडातले फोटो हवे असतील तर पावणेपाचच्या आत वरमाला पडली पाहिजे. त्याहून बरं म्हणजे लग्न दुपारी लावा आणि पंगती उजेडात उठवा.

उजेडाचं आणखी एक कारण आहे. सुप्याहून चौफुल्याकडे, इंदापुरात भवानीनगर-बिजवडीच्या रस्त्यांना, रात्री उसाच्या ट्रॉल्या चालतात. दोन-दोन ट्रॉल्या एकामागे एक, मागे लाल दिवा असला तर असला. शहरातला ड्रायव्हर त्यांना सरावलेला नसतो. वऱ्हाडाची बस मुक्कामी ठेवा, नाहीतर अंधारापूर्वी हायवेला लावा. फाट्याफाट्यावर फलक लावा आणि मोटारसायकलवर दोन पोरं उभी करा. मोबाइलचा नकाशा बसला सरळ कालव्याच्या भरावावर घालतो. आमची एक बस गेली होती.

फटाके, आतषबाजी, ते ठिणग्यांचे उभे कारंजे, काहीही आणू देऊ नका. नोव्हेंबरात गवत वाळून कोळ झालेलं असतं, आणि दुष्काळात शेजाऱ्याची कडब्याची गंज म्हणजे त्याच्या गुरांचं वर्ष असतं. एक ठिणगी पुरते. सुप्याला मयूरेश्वर अभयारण्य आहे, इंदापुरात कडबनवाडीचा माळ आहे. तिथं चिंकारा आहे, त्याच्या कानाशी डीजे लावण्याचं काही कारण नाही. आमच्या इव्हेंटवाल्यानं आणलेला खोका मी सकाळीच उचलून ज्वारीच्या कोठीमागे ठेवला होता. तो रात्रभर शोधत होता. त्या एका गोष्टीचं मला अजून समाधान आहे.

बाकीचं थोडक्यात. थंडीसाठी म्हाताऱ्यांना घोंगड्या-शाली काढून ठेवा. त्या आठवड्यात ढगांमुळे गारठा मागे राहिला, एरवी दिवसा तीस अंश आणि रात्री दात वाजतात, असं असतं. रात्री माळावर बॅटरी घेतल्याशिवाय मुलांना सोडू नका, घोणस असते. बुफे ठेवायचा तर ठेवा, पण गावच्या माणसांना पंगत वाढा. हातात ताट घेऊन उभं राहायला सांगितलंत तर ती जेवत नाहीत, नाव ठेवून जातात. इंदापुरात काळ्या रानात मांडव घालू नका. अवकाळीची एक सर आली की गाड्या तिथंच राहतात. माळ निदान निचरा करतो. आणि साधं कार्यालय मिळत असेल तर घ्या. त्याला बोअर असते, जनरेटर असतो, भांडी असतात, आणि ‘लुक’ नसला तरी संडासात पाणी असतं. खर्च आधी ठरवा, सगळं लेखी घ्या, हे तर सगळेच सांगतात.

लेखी म्हणजे काय ते मात्र मी सांगते. ‘पाण्याची व्यवस्था’ असं लिहून चालत नाही. किती लिटर, कुठल्या वेळी, कुठून भरणार, आणि ते कशाला वापरायचं नाही, हेही लिहा. आमच्या बिलात तो एकुलता एक टँकर ‘वॉटर फीचर’ या नावाखाली लागला, अठरा हजार रुपये. आणि गावच्या मांडववाल्याचा पत्रा आमच्या दिरांनी रोख देऊन घातला होता, तरी ‘वेदर कन्टिन्जन्सी’ म्हणून इव्हेंटवाल्यानं वेगळे पैसे मागितले. आमच्या यजमानांनी दिले. मुलीच्या सासरचा माणूस, वाद नको म्हणाले. मी असते तर दिले नसते.

म्हणून आगाऊ रक्कम निम्म्यापेक्षा जास्त देऊ नका, आणि शेवटचा हप्ता फोटो हातात पडल्यावरच द्या. आम्ही सगळे पैसे चुकते केलेत. अल्बम अजून आलेला नाही.